मुलीच्या मामांची जागा

गावात मला साधा, नम्र माणूस म्हणतात. सभेला मी मागच्या खुर्चीवर बसतो, लहान पोरांनाही अहोजाहो करतो. माझ्या मुलीच्या लग्नात मी काय केलं ते इथे कोणाला माहीत नाही. ते आता सांगतो.

लग्न राहात्याच्या एका मंगल कार्यालयात होतं. मुलाकडची मंडळी मोठी. मी फेटा बांधून दारात उभा होतो आणि येईल त्याला वाकून नमस्कार करत होतो. तेवढ्यात माझा मेव्हणा एसटीतून उतरून चालत आला. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पाथर्डीकडचा, दर हंगामात ऊसतोडीला जायचा. अंगात घड्या न मोडलेला नवा शर्ट, काखेत भाचीसाठी घेतलेली पिवळी साडी.

आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “तू राहू दे. ठेकेदार आणतील तिला.” ठेकेदार म्हणजे बायकोचा चुलतभाऊ. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या.

“का दाजी? म्या आंघोळ करून आलोय की,” तो हसत म्हणाला.

“हात बघ तुझे. फोटोत येतील.”

त्याने हात पाहिले. कोयत्याने काळे पडलेले, एक बोट अर्धं. “खिशात घालतो मग.”

“मग पोरीला काय पायानं धरणार?”

शेजारी उभे असलेले दोघे हसले. मीही हसलो. तो हसला नाही. मी त्याला आचाऱ्याच्या मांडवात जाऊन बसायला सांगितलं, आणि हेही सांगितलं, “अक्षता पडल्यावर पुढं ये. आक्कानं विचारलं तर गाडी चुकली म्हण.”

माइकवरून पुकारा झाला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” ठेकेदार घेऊन आला. माझी मुलगी मान वळवून सख्ख्या मामाला शोधत होती. तो पन्नास पावलांवर, कांद्याच्या पोत्यावर बसून होता.

अक्षता पडल्यावर तो आला. बायकोने चारचौघांत विचारलं, “भाचीच्या लग्नालासुद्धा वेळेवर येववत नाही तुला?”

“गाडी चुकली, आक्का,” तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मुलीने ती साडी नेसली नाही. बायकोने भाऊबीजेला माहेरी जाणं सोडलं आणि तो राग मनात ठेवूनच ती वारली. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसलेलो असायचो. सांगितलं नाही. लोक मला मान देत होते, तो जाईल अशी भीती होती.

गेल्या वर्षी मेव्हणा वारला. मुलगी म्हणाली, “त्यांना माझ्या लग्नाला वेळेवर यायला जमलं नाही, मी कशाला जाऊ?” दहावा झाल्यावर मग मी तिला सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी पाथर्डीला गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

“आप्पा, मामींना काहीच ठाऊक नव्हतं. मामांनी घरीसुद्धा गाडी चुकली म्हणूनच सांगितलं होतं. मामी म्हणाल्या, ‘मीबी त्यांला लई बोलले हुते गं, भाचीच्या लग्नात नाक कापलं म्हनून.’ मी त्यांना खरं सांगितलं.”

“मग?”

“मग काय. सकाळपासून बाई रडतीय.”