आवाज तोच, माणूस दुसरा

आमचा कप्तान बदलला त्या रविवारी मी मामांशी भांडले. मामा म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन किकवीला आल्यापासून त्यांच्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. चढवला तो एका परदेशी मालिकेपायी.

मालिका अंतराळातली. एक जुनं यान, त्यातली दहाबारा माणसं आणि घराची वाट हरवलेला त्यांचा कप्तान. मराठीत आवाज भरून रविवारी दुपारी दाखवायचे. नवऱ्याची रविवारीही ड्युटी असायची आणि सासूबाईंना त्यातलं काहीच बघवत नसे, त्यामुळे सात वर्षं टीव्हीसमोर आम्ही दोघंच. मामांचं लहानपण वेल्ह्याकडच्या डोंगरात मेंढरांमागं गेलेलं. ते म्हणायचे, “वाट चुकलेला मानूस कसा उभा ऱ्हातो, मला ठावं हाय. ह्यो गडी बराबर उभा ऱ्हातोय.”

पुढं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे. पडद्यावर त्यांना नुसते रंग हलताना दिसत. मग मी सांगायला लागले, कोण आलं, कुणी कुणाकडं बघितलं, बाहेरच्या ग्रहाचा रंग कसा आहे. भोरच्या कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते. तिथं दिवसभर कुजबुजत बोलायचं, त्यामुळे रविवारचं हे मोकळं बोलणं मला फार आवडायचं.

आणि मग नवं पर्व सुरू झालं. यानाचं दार उघडलं. तोच करडा कोट, तीच कॉलरवरची पट्टी, आणि कोटात भलताच माणूस. उंच, काटकुळा, मान पुढं काढून चालणारा. यानातल्या एकालाही काही वाटलं नाही. सगळे आपले ‘कप्तान, कप्तान’ करत त्याच्यामागं निघाले.

“मामा, कप्तान बदलला!”

“कुठं? बोलतोय की.”

तीच तर पंचाईत होती. मराठी आवाज देणारा कलाकार जुनाच ठेवला होता.

“आवाज तोच आहे. माणूस दुसरा आहे.”

“आवाज त्योच, मंग मानूस बी त्योच. तू फुडं सांग.”

“काय सांगू? त्याला उभं राहायची अक्कल नाही! तुम्हाला दिसत नाही म्हणून तुमचं बरंय!”

बोलून गेले आणि जीभ चावली. मामा भिंतीला धरत उठले, चाचपडत चप्पल शोधली आणि बाहेर गेले. मी तशीच बसून राहिले. स्वतःचा राग यायला हवा होता. आला त्या काटकुळ्याचाच.

पुढच्या रविवारी ते काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं येऊन बसले. मी सांगितलं, पण तुटक. “आला. बसला. उठला.”

“नोटीस वाचल्यावानी नगं सांगू,” मामा म्हणाले.

एसटीत मी मोबाईलवर शोधत बसायची, जुना नट का गेला म्हणून. कुठं लिहिलेलं, कंटाळला. कुठं लिहिलेलं, भांडण झालं. खाली लोकांचा सल्ला, नव्याला वेळ द्या. सात वर्षं आम्ही दिली होती ती काय होती मग? पण मालिका सोडता येईना. सोडली असती तर मामांना कोण सांगणार?

दीडेक महिना असाच गेला. मग तो भाग लागला. यानाच्या एका खोलीत विषारी वायू शिरतो आणि आत त्यांची म्हातारी मेकॅनिक अडकते. दार उघडलं तर सगळे मरणार. जुना असता तर त्यानं दारावर मुठी आपटल्या असत्या, ओरडला असता. ते तो फार छान करायचा. हा काहीच बोलेना. टीव्ही गप्प झाला, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज घरात यायला लागला.

“काय झालं? गेली का लाईट?” मामांनी विचारलं.

“नाही. तो खाली बसलाय, मामा. दाराला पाठ लावून. आतून तीपण तशीच बसली असणार. हात मागं नेलाय त्यानं, दारावर ठेवलाय. बोटं... बोटं हळूहळू वाजवतोय. तिला कळावं म्हणून. आता थांबला. कान लावलाय. परत वाजवतोय.”

“आन ती?”

“आतून काही उत्तर येत नाहीये.”

मामा म्हणाले, “आज सांगितलंस बघ.”

“मामा, त्या दिवशी मी बोलले ते...”

“कवा?” ते म्हणाले. त्यांना चांगलं आठवत होतं.

त्यानंतर मी त्या माणसाचे हात बघायला लागले. चेहऱ्यानं तो थोडंच सांगायचा, उरलेलं हातांनी. आवडला असं कबूल करायला मला अजून महिना लागला, आणि तेही मनातल्या मनात.

दिवाळीनंतर मामा गोठ्याच्या पायरीवरून घसरले. मुका मार लागला, पण सासूबाईंनी मग त्यांचं काही एक ऐकलं नाही. एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी टीव्हीची परवानगी दिली त्या रविवारी नवा चष्मा लावून ते ऐटीत बसले. कप्तान आला.

“ह्यो कोन?”

“कप्तान.”

“ह्यो न्हाई. ह्यो तर उपाशी दिसतोय.”

“तोच आहे. सहा महिने त्यालाच ऐकताय तुम्ही!”

“म्या ऐकत हुतो त्यो येगळा हुता. खांद्यानं भरलेला.”

“चेहरा सोडा, हात बघा त्याचे.”

“हात काय बघू? म्या काय जोतिषी हाय?”

दारात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “आता कशाला वराडताय दोघं? दिसतंय न्हवं त्यांस्नी?”

दिसतंय, हेच तर झालंय. आता ते मधेमधे विचारत नाहीत आणि मला सांगू देत नाहीत. मी काही बोलायला लागले की हातानं गप्प करतात आणि त्या बिचाऱ्याच्या चालण्याला, नाकाला, मानेला नावं ठेवत बसतात. मी दर रविवारी त्याची बाजू घेऊन भांडते. गेल्या खेपेला एवढं मात्र म्हणाले, “बरा हाय. पर लईच बारीक हाय.” मी त्यावरही चिडले.