एकाच बटणाची पट्टी

कुणाचाही फोन हातात आला की ती आधी अंगठ्याने 'नको' दाबायची आणि मग म्हणायची, "आता वाचा काय विचारलं होतं ते."

तिची ही खोड आमच्या निम्म्या ताथवड्याला माहीत होती. तुम्हीही ती पट्टी पाहिली असेल. बातमी वाचायला जा नाहीतर मिक्सर बघायला जा, वेबसाइट उघडली की खाली पट्टी येते, कुकी ठेवू का म्हणून. आपण काय करतो? डोळ्यापुढून ती एकदाची जावी म्हणून 'चालेल' दाबून मोकळे होतो. ती बघत असली तर हातावर चापट बसायची. पोलिसाच्याही बसली होती.

लोक तिला फॉर्मवाल्या ताई म्हणत. वडील नांदेडकडून इथं कंपनीत आले, ही निगडीत शिकली. चाळिशीची, एकटी, बोलायला फटकळ. माझ्या इमारतीतला खालचा गाळा तिच्याकडे भाड्याने होता. तिथं ती लोकांचे फॉर्म भरायची आणि लहान धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवायची.

इमारत म्हणजे काय, आमचं शेत रस्त्यात आणि कॉलेजांत गेलं. उरलं त्यावर चार मजले चढवले आणि नोकरीच्या मुलींना राहायला खाटा दिल्या. जवळच्या माण गावी आयटीत जाणाऱ्या, चाकणला कंपनीत जाणाऱ्या. मी चौथी शिकलेली. मला कुकी काय ते तिनेच सांगितलं.

"कंपनीच्या गेटवर छातीला पास लावतात ना मावशी, तसंच. आत असेपर्यंत तो पास कामाचा असतो. पण बाहेर पडताना कुणी काढून घेतलाच नाही, आणि तो बघून बाजारातला जो तो म्हणायला लागला, या, तुम्ही त्या कंपनीत जाऊन आलात ना, तर?"

मी म्हटलं, बरंच की, ओळख राहते.

"आणि ज्याला ओळख नको असंल त्याचं काय?"

"ज्याला वळख नको, त्यो चोर," मी म्हटलं.

ती हसली नाही. एरवी माझ्या बोलण्यावर हसायची.

मग आजूबाजूला नव्या इमारती झाल्या आणि माझ्या खाटा रिकाम्या राहायला लागल्या. मी तिला म्हटलं, माझी वेबसाइट कर. तिने केली. गुलाबी इमारतीचा फोटो, खोल्या, जेवण, फोन नंबर. मला कुणीतरी सांगितलं होतं की एकदा साइट बघून गेलेल्या माणसाला पुढे कुठंही आपलीच जाहिरात दिसत राहील असं करता येतं. मी म्हटलं, ते कर. ती म्हणाली, करते, पण त्याला जाहिरातीची कुकी लागते, मग आधी विचारावं लागतं. 'चालेल' आणि 'नको', दोन बटणं, सारख्या आकाराची. तिने करून दाखवलंही.

मी ते 'नको' बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. घराबाहेर पडताना कुणी जाते म्हणत नाही. आणि दारात आलेल्या माणसाला पहिला शब्द कुठला दाखवायचा, तर नको?

"माझ्या दारात नको लिहायचं न्हाई," मी सांगितलं.

ती बराच वेळ समजावत राहिली. ते येणाऱ्याने म्हणायचं असतं, आपण नाही, वगैरे. मी ऐकलं नाही. गाळ्याचा करार दोन महिन्यांत संपत होता आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने ते बटण काढलं. पट्टीवर एकटं 'चालेल' राहिलं. पुऱ्या ताथवड्याला नको म्हणायला शिकवणारी बाई, माझ्यापुढे गप्प बसली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

महिन्याभरात खाटा भरल्या.

त्यातली एक पोर चाकणच्या बाजूने आली. एक पिशवी, हातावर निळे डाग. नवरा मारतो म्हणाली. माहेरच्या बहिणीला कळवलंय, ती न्यायला माणूस पाठवेपर्यंत ठेवा. मी ठेवलं. वरच्या मजल्यावरची खाट दिली आणि खाली उतरू नको म्हणून बजावलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. मुली कामावर गेलेल्या, मी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मोटरसायकल उभी केली, अगदी पाया पडला. म्हणाला, "आजी, माझी मिसेस हितं आहे का?"

मी म्हटलं, हितं साठ पोरी हायत, कुणाची कोण ते मी इचारत न्हाई.

त्याने फोन काढून माझ्यापुढे धरला. माझीच गुलाबी इमारत. महिलांसाठी सुरक्षित निवास.

"मी लेडीज होस्टेल शोधतो का आजी? चार दिवस झाले, क्रिकेट लावलं की हे, बातम्या लावल्या की हे. माझ्या फोनवर कुणी शोधलं?"

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तेवढ्यात आवाज ऐकून ती गाळ्यातून अनवाणी बाहेर आली. गाळ्यावरची पाटी बघून तो तिच्याकडे वळला. तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना ताई, मग सांगा, कुणी बघितलं ते यातून कळतं का.

तिने फोन घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला सगळं कळलं होतं.

"यातनं माणूस कळत नाही, फोन कळतो," ती म्हणाली. "फोन कुणाकुणाच्या हातात असतोय तुमचा?"

"कंपनीत कुणीपण घेतं. घरी ती."

"मग मी कसं सांगू भाऊ?"

खोटं एक अक्षर बोलली नाही. तो फोनकडे बघत विचारात पडला, आणि तेव्हा माझी नजर जिन्याखाली गेली. तिथं चपलांच्या ओळीत त्या पोरीच्या चपला होत्या. हिरव्या पट्ट्याच्या, एकीचा अंगठा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. घरातल्या माणसाने एका नजरेत ओळखल्या असत्या.

तिनेही बघितलं. बोलता बोलता ती जिन्यापाशी गेली, त्या चपलांत पाय घातले आणि फरफटत गाळ्यात निघून गेली. दोन बोटं लहान होत्या तिला. टाचा मागं जमिनीला लागत होत्या.

तो गेला नाही. मी बसतो म्हणाला. समोरच्या टपरीपाशी मोटरसायकलवर बसला, तोंड आमच्या दाराकडे. पोलिसांना फोन करू का, मी हळूच विचारलं. ती म्हणाली, त्यो काय करायलाय म्हणून सांगणार, बसलाय म्हणून? थांबा, पोरी येऊ द्या.

साडेपाचला कंपनीची बस आली. आमच्याकडच्या पोरी धुळीसाठी अख्ख्या तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नुसते डोळे दिसतात. तिने पाच जणींना वर नेलं. काय सांगितलं कोण जाणे. दहा मिनिटांनी सहा जणी खाली आल्या, साऱ्यांची तोंडं बांधलेली, साऱ्यांच्या खांद्याला डब्याच्या पिशव्या.

जिन्याच्या आत, दाराआड, ती पोर थांबली. नवऱ्याच्या फोनवर साइट उघडली होती तिने. आमचा फोन नंबर त्या पट्टीखाली झाकला होता.

"ताई, मी 'नको' शोधलं हो," ती म्हणाली. "कुठंच नव्हतं. मग 'चालेल' दाबलं. हिस्ट्री सगळी पुसली होती मी."

मी तिथंच उभी होते, हातभर अंतरावर. फॉर्मवालीने माझ्याकडे एकदा बघितलं.

"चूक माझी आहे," ती त्या पोरीला म्हणाली. "साइट मी बनवली."

मी काही बोलले नाही.

सहा जणी आणि फॉर्मवाली, अशा सात जणी त्याच्या पुढून चालत गेल्या. एक कुणीतरी मोठ्याने हसत होती. तो दाराकडेच बघत राहिला. निगडीच्या स्टँडवर तिने पोरीला बसमध्ये बसवलं आणि बस हलेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिली, असं बाकीच्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने साइटवरची जाहिरातीची कुकी काढून टाकली. मला विचारलं नाही. पुढचे पंधरा दिवस तिने जिथं जिथं कामं केली होती तिथं जाऊन पट्ट्या तपासल्या. कुठं भांडणं झाली, दोघा-तिघांनी काम काढून घेतलं. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं.

करार संपला त्या दिवशी मी स्वतः कागद घेऊन गेले. म्हटलं, आहे तसाच पुढं चालू ठेव.

"नाही मावशी, गाळा सोडते."

"का गं? मी काय म्हटलं तुला?"

"तुम्ही नाही काही म्हटलं. मलाच हितं नको म्हणता येत नाही."

"मग म्हण की. कोण अडवतंय?"

"म्हणायलेच ना," ती म्हणाली, आणि किल्ली कागदावर ठेवली.

माणकडे कुठंतरी खोली घेतलीय म्हणतात. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

ती पोर बहिणीकडे नीट आहे. शिवणाच्या युनिटमध्ये लागली. सणावाराला मला फोन करते, आजी जेवलात का विचारते. दर वेळी एकदा तरी ताईंचं निघतं. "त्यांच्या हातून चूक झाली खरी," म्हणते, "पण माणूस चांगलं. मी कधीच माफ केलं त्यांना."

मी हं म्हणते आणि फोन ठेवते.