करडईच्या पोत्यातला धडा

कुणी एखाद्या पुस्तकावर बंदी घाला म्हणून गळा काढू लागला की माझ्या डोळ्यांसमोर करडईची पोती येतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी जुनी हकिकत सांगा म्हटलं की पहिल्यांदा हाच गुन्हा आठवतो, आणि यात चोरीला काय गेलं होतं, तर शाळेची पुस्तकं.

मराठवाडा मुंबई राज्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी उस्मानाबाद जिल्ह्यात, लोहाऱ्याच्या बाजूच्या एका बाजारगावी फौजदार होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. ठाणं म्हणजे दोन खोल्या आणि एक कोठडी. माझ्या हाताखालचे जमादार निजामाच्या पोलिसांतून आलेले. स्टेशन डायरीला ते निवृत्त होईपर्यंत रोजनामचाच म्हणत. मीही उर्दू शाळेतच अक्षरं गिरवलेली, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

शाळांत तेव्हा हिंदी नव्यानं सुरू झाली होती. आमच्या गावात ती शिकवायला जे मास्तर होते ते मुसलमान, आधी उर्दू शिकवायचे. उर्दूचे तास कमी झाले तसे या माणसानं पन्नाशीच्या घरात हिंदीच्या परीक्षा दिल्या आणि हिंदीचे मास्तर झाले. त्यांच्या वर्गाच्या हिंदी पुस्तकात एक धडा आमच्याच भागातल्या एका स्वामींवर होता. या स्वामींच्या समाधीला लिंगायत जातात, मराठे जातात, मुसलमानही चादर घेऊन जातात. आपला माणूस सरकारी पुस्तकात आला म्हणून गावानं खरं तर पेढे वाटायला हवे होते.

त्याऐवजी एका सकाळी ठाण्यावर मोर्चा आला. पुढे गावचे एक पुढारी. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांच्याजवळ बोलायला विषय नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकात छापलंय, स्वामींनी गावोगाव फिरून लोकांना शिक्षा दिली आणि दीनदुबळ्यांची चेष्टा केली. पुस्तकावर बंदी घाला आणि शिकवणाऱ्या मास्तरला आत टाका.

मी म्हणालो, "पुस्तक बघू."

"पुस्तक कशाला पाहिजे? समदं गाव सांगतंय की," पुढारी म्हणाले.

"तुम्ही वाचलंत?"

"असलं पुस्तक हातात धरायचं पाप म्या कशाला करू?"

मोर्चात मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी हेच विचारलं. एकानंही पुस्तक पाहिलेलं नव्हतं. राग मात्र प्रत्येकाचा खरा होता, आणि मला भीती वाटली ती त्या खऱ्या रागाची. खोटा राग दुपारच्या जेवणापर्यंत उतरतो.

जमादारांना शाळेत पाठवलं. ते हात हलवत परत आले. पोरांना पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून सगळ्या प्रती शाळेच्याच कपाटात असत. तासाला वाटायच्या, तास संपला की गोळा करायच्या. ते कपाट आता रिकामं होतं, आणि कुलूप मात्र शाबूत. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एखादी प्रत मागवावी म्हटलं, तर ओरड कानावर जाताच शिक्षण खात्यानं उरलेल्या प्रती परत बोलावून गोदामात बंद केल्या होत्या. वाचायला पुस्तक नाही आणि भांडायला सगळा तालुका, अशी गत झाली.

मास्तर स्वतःहून ठाण्यात आले. काळी टोपी, हातात छत्री. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, हिंदीत शिक्षा म्हंजे तालीम. चेष्टा म्हंजे कोशिश. स्वामींनी लोकांला शिकवलं आन् गरिबाला वर काढायची कोशिश केली, असा तो धडा हाय."

जमादार पटकन म्हणाले, "मास्तर, कोशिशला कोशिशच म्हणतात. मी तीस साल उर्दू लिहिली. चेष्टा कुठून आली?"

"ही उर्दू न्हाय, जमादारसाब. ही नवी हिंदी हाय. मलाबी लई जड गेली."

तिथं मला सगळा घोळ कळला. मराठी माणसाला चेष्टा म्हणजे टवाळी आणि शिक्षा म्हणजे छडी. उर्दू शिकलेल्याला हे दोन्ही शब्द ठाऊक नाहीत. गावात तिसरी भाषा जाणणारा एकच माणूस होता, आणि गावाला तोच आरोपी वाटत होता. मास्तरांवर माझा विश्वास बसला, पण कपाट रिकामं असताना तो बसून उपयोग नव्हता. पुढारी चौकात उभं राहून सांगत होते, मास्तर आता अर्थ फिरवतोय आणि पुस्तकंही त्यानंच पुरली.

वरून फोन आला. "मास्तरला अटक दाखवा. गाव थंड होईल."

मी म्हणालो, "साहेब, धार्मिक भावनांच्या कलमाला दुष्ट हेतू लागतो. तो मला अजून दिसला नाही. दिसला की करतो."

"तुम्ही फौजदार आहात, वकील नाही," असं म्हणून फोन ठेवला गेला. त्या दिवसापासून माझ्या बदलीची चर्चा गावात माझ्याआधी पोचायला लागली.

पुढाऱ्यांनी मग दुसरी वाट काढली. मास्तरांनी माफी लिहून द्यावी, मोर्चा मागे घेऊ. नाहीतर नोकरीही जाईल आणि गावही सोडावं लागेल. मास्तरांच्या घरावर दगड पडून कौलं फुटली होती, बायको माहेरी जाऊ म्हणून रडत होती. मीही त्यांना म्हटलं, पुढचा त्रास वाचणार असेल तर विचार करा.

"चूक असंल तर पाय धरतो," मास्तर म्हणाले. "पर माफी लिवली तर पुस्तकात शिवी हुती असं ठरंल. मग उद्या त्याच वर्गात उभा राहून पोरांला काय सांगू? नक्को साहेब. न्यायचं तर न्या आत. म्या वळकटी बांधून ठिवलीया."

इतकं सरळ कुणी बोललं की फौजदाराचीही पाठ ताठ होते. मी ठरवलं, आता पुस्तक सापडल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

खबर मिळाली ती शाळेसमोरच्या हॉटेलवाल्याकडून. पोलीस आला की हॉटेलवाला आधी चहा देतो आणि कप उचलताना बोलतो.

"साहेब, शाळंला भुसार कवापासनं लागतंय?"

"का?"

"मोर्च्याच्या आदल्या दिवशी आडत्याची गाडी शाळंच्या मागं हुती. रिकामी पोती आणली आन् भरून नेली."

हा आडत्या म्हणजे पुढाऱ्यांचा सख्खा मेव्हणा. बाजारात भुसार मालाची, म्हणजे धान्याची, अडत चालवायचा. पुढारी शाळेच्या कमिटीवर असल्यानं कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे असे. कुलूप शाबूत कसं राहिलं, ते कळलं. पण गाडी दिसली एवढ्यावर झडती घेतली असती आणि काही निघालं नसतं, तर मास्तरांचा शेवटचा आधार गेला असता.

मी आडत्याला ठाण्यात बोलावलं. हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. तो निगरगट्टपणे एकच सांगत होता, "म्या पुस्तक उघडून सुदिक बघितलं न्हाय."

अशा माणसाला प्रश्न विचारून भागत नाही. त्याच्यासमोर चुकीचं बोलावं लागतं. मी जमादारांकडे वळून म्हणालो, "लिहा. पुस्तकात असं छापलं आहे, की स्वामीजी ने गरीबों की चेष्टा की. यातला गरीब हा शब्द उर्दू आहे, तो मास्तरनंच घुसवला असणार."

आडत्या खुर्चीत पुढे सरकला. "न्हाय साहेब, गरीब न्हाय. दीन-दुखी छापलंय. 'दीन-दुखियों को ऊपर उठाने की...'"

आणि तो थांबला. जमादारांनी टाक खाली ठेवला.

मी नोकरीभर पाहत आलो, माणूस खोटं नेटानं लपवतो, पण दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. 'ऊपर उठाने की', म्हणजे वर उचलण्याची, हे शब्द ना मोर्चात आले होते, ना फिर्यादीत. ते फक्त पुस्तकात होते.

"आता पुढचं सांग," मी म्हणालो.

आडत्याचा चेहरा उतरला. "दाजींनी वाचून दावलं. परगावच्या एका पावण्यानं त्यांला सांगितलं, अर्थ अलग निघतोय म्हणून. पर तवर पत्रकं वाटून झाली हुती. दाजी म्हणले, आता मागं फिरलो तर हसं हुईल. पुस्तकं दिसता कामा न्हाईत."

म्हणजे पुढाऱ्यांना खरं कळलं होतं, आणि कळल्यावरच त्यांनी मोर्चा काढला होता. मला आयुष्यात फार थोड्या वेळा इतका संताप आला असेल.

पंचनामा मी मुद्दाम बाजारच्या दिवशी ठेवला. अडतीत करडईच्या पोत्यांखाली, पोत्यांतच शिवलेली पुस्तकं निघाली. एक पंच म्हणून मी पुढाऱ्यांच्याच गटातला एक दुकानदार घेतला होता. मुद्देमालाची ओळख पटली पाहिजे, असं सांगून तो धडा त्याला मोठ्यानं वाचायला लावला. पुढारी धावत आले. म्हणाले, "फौजदार, हे बंद करा, महागात पडंल." मी म्हणालो, "सरकारी कामात अडथळा आणला म्हणून दुसरा पंचनामा करावा लागेल. बाजूला उभे राहा."

बाजार अडतीसमोर जमला. दुकानदार अडखळत वाचत होता. चेष्टा हा शब्द आला तशी मिरच्या विकायला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "वर उचलायची चेष्टा? आसं कुठं आसतंय व्हय?"

मी मास्तरांना पुढे बोलावलं. त्यांनी शांतपणे अर्थ सांगितला. वर उचलण्याचा प्रयत्न केला. मग कुणीतरी विचारलं, "आन् शिक्षा दिली ते?"

"शिकवलं. हिंदीत शाळा शिकण्याला शिक्षा म्हणतात."

"पोरांला इचारा, मराठीत बी तेच म्हणत्यात," मागून आवाज आला, आणि सगळा बाजार हसला. पुढारी कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या रात्री मास्तरांनी वळकटी सोडली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण शिक्षण खात्यानं वाद नको म्हणून ते पुस्तक जिल्ह्यातून काढूनच घेतलं. पुढाऱ्यांनी गुलाल उधळून मिरवणूक काढली, बंदी आणलीच म्हणून. मास्तरांची नोकरी मात्र राहिली. माफी त्यांनी शेवटपर्यंत लिहून दिली नाही. मीही दोषारोपपत्रात आडत्याबरोबर पुढाऱ्यांचं नाव घातलं. गाळा म्हणून तीन ठिकाणांहून निरोप आले. गाळलं नाही. महिना संपायच्या आत माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, परंड्याला झाली.

तेव्हापासून बंदी मागणाऱ्याला मी एकच विचारत आलो, पुस्तक कुठंय, दाखवा. ज्याला खरंच लागलेलं असतं तो पान उघडून बोट ठेवतो. बाकीचे आवाज चढवतात, आणि आवाज चढला की मी त्यांच्या पोत्यांकडे बघतो. बदल्या होतात, माणूस काही मरत नाही त्यानं.

निघायच्या दिवशी मास्तर एस.टी. स्टँडवर आले. तीच टोपी, तीच छत्री. माझ्या ट्रंकेला त्यांनी हमालाला हात लावू दिला नाही, स्वतः वर चढवली. गाडी सुरू झाली तसे खिडकीजवळ येऊन हळूच म्हणाले, "साब, आखिर आपको भी शिक्षा मिली."

मी म्हणालो, "दोन्ही भाषांत मिळाली, मास्तर."