काकांचा बुरूज

वसईजवळच्या पापडीतल्या आमच्या वाडीतल्या घराला दोन गोल बुरूज आहेत, वर किल्ल्यासारखे कंगोरे आहेत. गेल्या महिन्यात रस्ता रुंद करणाऱ्यांनी उजव्या बुरुजावर लाल फुली मारली. त्याच बुरुजातल्या खोलीत माझे मोठे काका राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, दुसरीकडे कुठे त्यांचा डोळा लागत नाही. फुली पाहिल्यापासून मलाही एका जागी बसवेना. चहा अर्धा टाकून फाटकापर्यंत जायचं, फुली आहे तशीच आहे हे बघायचं, परत यायचं. दिवसातून दहादा हाच उद्योग.

घर वारसा यादीत गेलं तर बुरूज वाचेल, असं कुणीतरी सांगितलं. मग मी त्याचा इतिहास लिहायला बसलो. वसईत काही जुनं आणि गोल दिसलं की आम्ही ते बिनदिक्कत पोर्तुगीजांच्या नावावर टाकतो, मीही टाकलं. बुरुजाच्या भिंतीत एक भोक आहे, त्याचा मी तोफेचा झरोका केला. पानं भरत गेली तशी माझी छाती फुगत गेली. शेवटी शेवटी तर माझं मलाच ते पटलं.

पाहणीसाठी सरकारी बाई आल्या तेव्हा काका पायरीवर बसले होते. तुम्ही काही बोलू नका, असं मी त्यांना सकाळपासून तीनदा बजावलं होतं. बाईंनी भोकात बोट घालून विचारलं, "इथे तोफ बसायची?"

"कसली तोफ?" काका म्हणाले. "ही पाण्याची टाकी होती. रहाटाचं पाणी इथे साठायचं आणि या भोकातून पाटाने केळीत जायचं. माझ्या बापाने बांधली. नुसती टाकी घरापुढे बरी दिसेना, म्हणून वर कंगोरे काढले. जोडीला तो दुसरा बुरूज, तो नुसता शोभेचा. पुढे पाणी खेचायची मोटार आली, तेव्हा टाकीला दार पाडून खोली केली. चुना मीच कालवला होता."

बाईंनी फाईल मिटली. अर्जातलं काहीच खरं नाही म्हटल्यावर तो पुढे पाठवता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि त्या गेल्या.

माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी काकांवर ओरडलो. "दोन मिनिटं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? खोली तुमचीच जाणार आहे ना!"

काकांनी पायरीवरचे माझे कागद उचलले.

"जाऊ दे गेली तर," ते म्हणाले. "हे मी चष्मा लावून दोनदा वाचलं. यात कप्तान आहे, पाद्री आहे, तोफा आहेत." त्यांनी कागद माझ्यापुढे धरले. "माझा बाप कुठे आहे यात?"