पेटीतल्या वीस ब्रॅकेटा

या किश्श्याचे तीन पाठ मला आजवर मिळाले आहेत. परळच्या पाठात फजिती होते ती एका मद्रासी साहेबाची, घोडपदेवच्या पाठात मालकाच्या जावयाची, आणि भोईवाड्यात सांगतात तेव्हा तो पुण्याहून आलेला प्राध्यापक असतो. लोककथेतला मूर्ख बहुधा बाहेरचा असतो, हे आपण जाणताच. तरीही अभ्यासकाच्या इमानाला स्मरून चौथा पाठ नोंदवणे भाग आहे. तो मूर्ख गिरगावचा होता, आणि हे टिपण तोच लिहीत आहे.

लोकसाहित्याकडे वळण्यापूर्वी मी संख्याशास्त्राचा पदवीधर होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत लालबागच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मला नोकरी लागली. तिथे गिरण्यांच्या मागांसाठी बिडाच्या ब्रॅकेटा ओतत. एका गिरणीने पारखायला एक भली मोठी पेटी मागवली होती. पसंत पडली तर वर्षभराचे काम, नाही तर भट्टी बंद आणि आठ माणसे घरी. पुढच्या हरताळाआधी पेटी पोचायला हवी होती, आणि तिच्या मजबुतीची हमी माझ्या सहीने जायची होती.

ओतकाम तुकाराम मिस्त्रींचे. मालवणकडचे, मितभाषी गृहस्थ.

"मिस्त्री, यातल्या कुठल्याही वीस द्या."

त्यांनी वीस दिल्या, त्याही फडक्याने पुसून. मी एकेक यंत्रात घालून मोडून पाहिली. विसाच्या वीस जवळजवळ एकाच भाराला मोडल्या. मला शंका आली. येणारच, शिकलेला होतो ना.

"या निवडल्या कशा?"

"बरे बगून."

"अहो, निवडायच्याच नव्हत्या."

"सायबानू, पावणो घराक इलो तर तेका बरो मासो वाढूचो की नासको?"

मी त्यांना अर्धा तास यदृच्छेचे तत्त्व समजावले. निवड नशिबाने व्हावी, माणसाच्या मर्जीने नव्हे.

"म्हंजे डोळे मिटून काढू?"

"अगदी तेच."

शास्त्रात ढिलाई नको, म्हणून मी माझा रुमाल त्यांच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. त्यांनी पेटीत हात घातला. एकेक ब्रॅकेट बोटांनी चाचपली, काही बाहेर काढल्या, काही परत ठेवल्या. डोळे बांधलेला माणूस काही परत का ठेवतो, असे तुमच्या मनात आले असेल. माझ्या आले नाही.

या वीसही एकाच भाराला मोडल्या. मी अहवालात लिहिले की दोन स्वतंत्र चाचण्यांनी सिद्ध झालेली अशी एकरूपता ग्रंथांतही आढळत नाही. खाली झोकदार सही केली.

दुसऱ्या दिवशी गिरणीचे म्हातारे पारशी इंजिनिअर स्वतः आले. अहवाल वाचला, रुमालाची हकीकत माझ्याच तोंडून अभिमानाने ऐकली.

"डिकरा, आंधला कोन होता? तो के तू?"

त्यांनी पेटी जमिनीवर उलटी केली. तळच्या वीस उचलून यंत्रात घातल्या. चार ब्रॅकेटा बिस्किटासारख्या मोडल्या. भट्टीजवळची माणसे काम थांबवून आमच्याकडे पाहत राहिली.

"ती कच्ची माका ठावक होती," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारल्यात खंय? वीस मागलात, वीस दिलंय."

मग ते जमिनीवर मांडी घालून बसले. भट्टीवरच्या एका पोऱ्याने टांगून धरलेली एकेक ब्रॅकेट लहान हातोडीने वाजवली. खणखणीत वाजली ती उजवीकडे, बद्द वाजली ती डावीकडे. दीड तासाने इंजिनिअरांनी उजव्या ढिगातल्या, डोळे उघडे ठेवून, हाताला येतील त्या वीस मोडून पाहिल्या. एकही कच्ची निघाली नाही.

काम मिळाले. इंजिनिअरांनी अहवालावरची माझी सही खोडली आणि पेन मिस्त्रींच्या हाती दिले. त्या दिवसापासून प्रत्येक पेटी मिस्त्री वाजवू लागले. वाजवताना ब्रॅकेट टांगून धरायला एक माणूस लागतो. ते काम मला देण्यात आले.