गोपनीय पासवर्डच्या अकरा प्रती

पूर्णा गावातल्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायची हिंमत एकट्या शिवमूर्तीने केली. पदरमोड करून नांदेडला क्लास लावलेला हा टंकलेखक. दीड वर्ष खपून त्याने आठ हजार शेतकऱ्यांच्या विहिरींची यादी त्यात चढवली. त्या मशीनपुढच्या खुर्चीत त्याचा जीव होता.

ब्याण्णव साली कचेरीचे प्रमुख भगवानराव साहेबांनी पेपरात वाचलं, की परदेशात पोरं घरबसल्या टेलिफोनवरून सरकारी कॉम्प्युटर फोडतात. साहेबांची गाळण उडाली. त्यांनी लगोलग अकलेचे तारे तोडले. नवा पासवर्ड ठरवला, त्याचं गोपनीय परिपत्रक काढलं आणि रिवाजाप्रमाणे खाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहून अकरा जणांना धाडलं. शिपाई लिंबाजीने सायकलवरून प्रती वाटल्या, रजिस्टरात सह्या घेतल्या. कचेरीची प्रत नोटीस बोर्डावर लागली.

“साहेब, गुपित हाय ना हे? मग भिताडावर कशाला?” शिवमूर्तीने विचारलं.

“नियम आहे,” साहेब गुरकावले.

महिन्याभरात यादी साफ पुसली गेली. साहेबांनी शिवमूर्तीला उभं केलं.

“तूच केलंस. तुझ्याशिवाय मशीन येतं कुणाला?”

“मी वसमतला लग्नाला गेलतो, साहेब. रजेवर तुमचीच सही हाय.”

“मग तिथून टेलिफोनवरून केलं असशील!”

कचेरीचा टेलिफोन दोन महिने बंद होता. कॉम्प्युटरला वायर होती ती फक्त विजेची. पण भ्यालेल्या साहेबाला हे सांगणार कोण? शिवमूर्तीने अकरा सह्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं. “ह्यांना बी इचारा की. मलाच कशाला धरायलाव?” साहेबांनी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. त्यात वरचे साहेब होते, त्यांना विचारायला छाती लागते. टंकलेखकाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं. शिवमूर्तीची पाथरीच्या गोदामात पोत्यांवर शिक्के मारायला रवानगी झाली.

तिसऱ्या आठवड्यात लिंबाजी एस.टी.ने आला. हातात लाल शाईने ‘गोपनीय’ लिहिलेलं पाकीट. आत आणखी एक नवा पासवर्ड. माहितीसाठीच्या यादीत शेवटचं नाव शिवमूर्तीचं, बारावं.

“लिंबाजी, माझ्या खुर्चीत कोण बसतंय आता?”

“कुणी न्हाई. मशीन तसंच पडलंय, कोरं. खोलीला कुलूप हाय अन् किल्ली साहेबाच्या खिशात.”

शिवमूर्तीने ‘पोहोचलं’ म्हणून सही केली आणि कागद खिशात घालून पुन्हा पोत्यांकडे वळला.