नेझ्काची ओळखपरेड

नेझ्का माणसं पायांवरून ओळखायची. चौतीस वर्षं तिने आमच्या येलोवेकच्या डोंगरात टपाल वाटलं. इथली निम्मी घरं अशी, की रस्ता संपला तरी पुढे पाऊण तास चढ उरतोच. समोरून येणारं माणूस अजून ठिपक्याएवढं दिसत असतानाच ही त्याची पत्रं पिशवीतून वर काढून ठेवायची. "तोंडाने माणूस कितीही थापा मारेल, चालताना नाही मारत," असं म्हणायची आणि लगेच त्या माणसासमोरच त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवायची. माझी नक्कल तर ती दर वेळी बदकावर नेऊन सोडायची. मी काय बदकासारखा चालतो? असो.

मी विन्को, तिचा शेजारी. धंद्याने सुतार, आणि थंडीत पुस्ताचे मुखवटे कोरतो. पुस्त आमचा हिवाळ्याला हुसकून लावायचा सण. उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधी खाऊन घ्यायचं, नाचून घ्यायचं, आणि एकमेकांची जी काही चेष्टा करायची राहिली असेल ती उरकून घ्यायची. रविवारी आम्ही अंगावर मेंढीची कातडी चढवतो, कमरेला घंटा बांधतो, तोंडावर मुखवटे लावतो आणि घरोघर जातो. मुखवट्याआडून बोलायचं नाही, हा नियम. घरची बाई एकेकाला चुलीसमोर उभं करते आणि नाव सांगते. बरोबर आलं तर मुखवटा उतरवायचा, गरम क्रोफ, म्हणजे मुरंबा भरलेला तळलेला गोळा, खायचा, वर पेलाभर प्यायची. चुकलं तर चुलीतली काजळी तिच्या दोन्ही गालांना फासायची. येलोवेकात त्या संध्याकाळी गोऱ्या गालांची बाई सहसा सापडत नाही.

नेझ्काच्या गालाला मात्र एकतीस वर्षांत बोट लागलं नव्हतं. एका वर्षी लोयझे खाटीक हुशारी करून बायकोचे बूट घालून आला. नेझ्काने त्याला खालून वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "लोयझे, मिलेनाचे बूट फाटायच्या आत काढ. आणि क्रोफ तिच्यासाठी पण ने, बिचारी आज अनवाणी असेल."

तिचे क्रोफ हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो. भरपूर अंड्यांचं, लोण्याचं आणि थोड्या रमचं पीठ, ते फुगेपर्यंत स्वयंपाकघराचं दार बंद. त्या वेळात कोणी दार उघडलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, मग तो पाद्री का असेना. डुकराच्या चरबीत एक बाजू झाकण ठेवून तळायची, दुसरी उघडी. जमलं तर गोळ्याच्या मधोमध पांढरा पट्टा उठून दिसतो. आत जर्दाळूचा मुरंबा. पट्टा नसलेला क्रोफ आमच्याकडे पाहुण्यापुढे ठेवत नाहीत. नेझ्काचा पट्टा पट्टीने आखल्यासारखा असायचा.

मागच्या शरद ऋतूत एका सकाळी मी खिडकीतून पाहतो, तर नेझ्का कुंपणाशी उभी राहून कोणाशी तरी भांडतेय. "थंडी किती आहे, विन्को, आत जा की! आणि बोलायला काय झालं? तोंडात काय खिळे धरलेस?" मी तर घरात होतो. कुंपणावर माझा कोट वाळत घातला होता. ती त्या कोटाला पाच मिनिटं बोलली आणि तो उत्तर देत नाही म्हणून रागावून निघून गेली.

मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला मात्र एकदा हळूच म्हटलं, "मोतीबिंदू असेल, नेझ्का. हल्ली अर्ध्या तासात काढतात."

"डोळ्यात सुरी?" ती म्हणाली. "आधी तुझ्या घालून घे, मग मला सांग कसं वाटलं ते."

नाताळात तिचा मुलगा गाश्पर राजधानीतून, ल्युब्लियानाहून आला. सज्जन पोरगा, पण डोक्यात एक गोष्ट शिरली की निघत नाही, हे आईकडूनच आलेलं. त्याने पाहिलं की आई कॉफी कपाच्या बाजूला ओततेय. झालं. "आई, तू माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे. इथे बर्फात एकटी पडलीस तर कोणाला कळणार?"

"मला दिसतं."

"टेबलावर कॉफीचं तळं झालंय."

"मला तळं आवडतं."

मी तिथेच बसलो होतो. वाद वाढत वाढत असा वाढला की शेवटी नेझ्काने टेबलावर मूठ आपटली. "पुस्ताला माझं एक नाव चुकलं, तर त्याच संध्याकाळी ट्रंक घेऊन तुझ्या गाडीत बसेन. नाही चुकलं, तर हा विषय जन्मात काढायचा नाही."

"ठरलं," गाश्पर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नेझ्काने तो धरला, तोही पहिल्यांदा हवेत चाचपडून.

ती गेली तर माझ्या शेजारचं धुराडं थंड पडणार होतं. मला ती इथेच हवी होती, हे मी सरळ सांगतो. माझ्या चालण्याला बदक म्हणणारं दुसरं कोणी मला या वयात कुठे मिळणार?

म्हणून पुस्ताच्या आठवडाभर आधी मी आमच्या मुखवटेवाल्यांना सुतारशाळेत बोलावलं. आम्ही अकरा जण. कोट सोडून सगळं सांगितलं. म्हटलं, या वर्षी लपायचं नाही. ज्याला जशी जमेल तशी खूण द्यायची.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा त्सिरिल गंभीर झाला. "पण ही फसवणूक झाली, विन्को."

"बरं," लोयझे म्हणाला. "मग तूच तिला काजळी फास आणि गाडीत बसवून ये. पुढच्या वर्षीपासून क्रोफ तुझी बायको करेल."

त्सिरिलच्या बायकोचे क्रोफ सगळ्यांनी एकदा खाल्लेले होते. विरोध तिथेच संपला.

रविवारी दुपारी घंटा बडवत, बर्फ तुडवत आम्ही घरं घेत निघालो. गाश्परचा सकाळी फोन आला होता, रस्त्यात अडकलोय, संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणून. मला बरंच वाटलं. नेझ्काच्या स्वयंपाकघरात शिरलो, तेव्हा तळणाचा वास असा अंगावर आला की क्षणभर मी सगळं विसरलो. टेबलावर क्रोफांचा डोंगर. पट्टा कुठे अंगठ्याएवढा, कुठे गायबच. कोणी चकार शब्द काढला नाही, आणि फक्त नियम होता म्हणून नव्हे.

मग मी सवयीने आमच्या माणसांना मोजलं. बारा.

पुन्हा मोजलं. बाराच. दाराशी एक नाकाड्या दारुड्याचा मुखवटा उभा होता. कोरणी माझीच, पण तो मुखवटा मी तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानाला विकलेला. वाटेत सामील झालेल्या मुखवट्याला हटकायचं नाही, ही आमची जुनी रीत. कुठे येऊन मिळाला, कोण जाणे. एखादा हौशी पर्यटक असेल तर नेझ्काने त्याला जन्मात पाहिलेलं नसणार.

"या, एकेक या!" नेझ्का चुलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

पहिला लोयझे. त्याने दोन्ही खिशांत लसणीचे सॉसेज भरले होते.

"लोयझे, दुकानात काही शिल्लक ठेवलंस की सगळं अंगावर घालून आलास?"

हशा झाला, मुखवटा उतरला. मग त्सिरिल. त्याने टेबलावर बोटांनी भजनाचा ठेका धरला.

"त्सिरिल. चर्चमध्ये कधी इतका तालात वाजवत नाहीस."

मग वनखात्यातला क्लेमेन पाय ओढत आला. गेल्या वर्षी त्याचा पाय मोडला होता, तीच खूण त्याने धरली होती. नेझ्काने कान दिला. "क्लेमेन, तुझा मोडला होता तो डावा. आज उजवा ओढतोयस. एकदा काय ते ठरव, बाळा."

माझी पाळी आली. मी खिशातला भुसा जमिनीवर सांडला आणि खोकलो.

"विन्को," ती म्हणाली, "हा कचरा झाडायला कोणाला पाठवणार आहेस? तुझ्या कोटाला?"

माझे कान तापले. म्हणजे कोटाचं तिला कळलं होतं, आणि इतके महिने तिने तोंडातून ब्र काढला नव्हता!

अकरा नावं झाली, अकरा बरोबर. आम्ही अकरा जण क्रोफ हातात धरून उभे, पण कोणी खाईना. बारावा पुढे आला. त्याच्या घंटा वाजल्या नाहीत, आत चिंध्या कोंबल्या होत्या त्याने. नेझ्काने त्याचा हात घेतला, तर जाड हातमोजे. जवळ जाऊन वास घेतला, काही नाही. "चालून दाखव," म्हणाली. तो चालला, पण एक पाऊल लांब, एक आखूड, मुद्दाम बिघडवलेलं. लोयझेने मला कोपर मारलं. मी काय करणार होतो? मलाच माहीत नव्हतं कोण ते.

नेझ्का वळली. कढईतले चार क्रोफ तिने उलटले, आवाज ऐकून, एकेक करून. घाई केली नाही. मग झारा बाजूला ठेवला.

"आज या घरात अकरा जण आले, आणि अकराच्या अकरा जण मला ओळखू यावं म्हणून धडपडत होते," ती म्हणाली. "एकाने लसूण आणली, एकाने भुसा आणला. मूर्ख आहात सगळे, पण माझे आहात. हा एकटा लपतोय. मी चुकावं असं मनापासून वाटणारा माणूस या जगात मला एकच माहीत आहे." तिने दोन्ही हात पुढे केले. "गाश्पर, काढ तो मुखवटा. घामाघूम झाला असशील."

मुखवटा खाली आला. गाश्परच होता. केस कपाळाला चिकटलेले.

"जिंकलीस तू," तो म्हणाला. "नाही काढणार विषय."

आम्ही जो आरडाओरडा केला तो खालच्या गावात ऐकू गेला असेल. त्सिरिल तर नाचला, तोही बेताल. नेझ्काने झारा उगारून सगळ्यांना गप्प केलं.

"ट्रंक भरणार नाही," ती म्हणाली. "हे घर सोडणार नाही. पण त्या डॉक्टरकडची तारीख घे."

"सुरीची भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटते रे. अजून वाटते." मग ती गाश्परकडे वळली, पण जरा बाजूलाच, त्याच्या खांद्यापलीकडे पाहत. "पण आत्ता तू मुखवटा काढलास ना, तेव्हा तुझं तोंड कसं झालं ते मला बघायचं होतं. नाही दिसलं."

लोयझे पुटपुटला, "रडतोय तो, मावशी."

"ते ऐकू येतंय मला," नेझ्का म्हणाली. "क्रोफ द्या त्याला, गरम आहेत तोवर."